तीन घरांचे दिवे

दिवाळी सरली की आमचं अर्ध्याहून जास्त गाव ऊसतोडीला जातं. धारूरच्या डोंगराखालचं गाव; मागं उरतात म्हातारी माणसं आणि कुलपं. त्या कुलपांच्या किल्ल्या आमच्या आईकडे असायच्या. तिन्हीसांजेला कुणाचं घर अंधारात राहू नये म्हणून ती रोज प्रत्येकाच्या उंबऱ्याशी दिवा लावून यायची. मी केजला नोकरीला. वडील गेल्यापासून 'माझ्याकडे चल' म्हणून तिच्या मागं लागलो होतो आणि ती दाद देत नव्हती.

अशात एका संध्याकाळी, अंधार पडल्यावर, आईला धारूरच्या किल्ल्याच्या अंगाला आभाळात लख्ख उजेड दिसला. एका जागी थांबला आणि विझला. काही दिवसांनी चौकशीला लष्कराची गाडी येणार असं कळलं. मला मनातून बरंच वाटलं. आता तरी आई घाबरून येईल, म्हणून रजा टाकून गावी गेलो, तर दुभाषीच होऊन बसलो.

अधिकाऱ्याने हिंदीत विचारलं, उजेड किती वेळ होता?

"मला काय घड्याळ कळतंय व्हय? तीन घरचे दिवे लावून झाले, तवर होता."

हे त्याला सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मात्र हसला नाही. म्हणाला, तसेच लावून दाखवा. मग भर दुपारी तेलाची बाटली घेऊन आई पुढे, मागे घड्याळ धरलेला जवान, त्याच्यामागे अधिकारी आणि शेवटी मी, अशी वरात निघाली. आई थोडीच गप्प बसते! या घरच्या सुनेला दिवस गेलेत, त्या घरची पोरगी उसाच्या फडावर आजारी पडली, सगळं सायबाला ऐकवलं.

तिसऱ्या घराला कैक वर्षांचं कुलूप. ती माणसं पुण्याला गेली ती गेलीच. इथं कशाला दिवा, असं त्याने विचारलं. चिडून मीही तिला हेच विचारायचो.

"किल्ली माझ्याकडं देऊन गेलेत न्हवं, सायेब."

निघताना त्याने विचारलं, तुम्हाला काय वाटतं, काय होतं ते?

"कुणी बघाया आलं असंल, गावात दिवा लागतो का न्हाई."

चहा पिऊन गाडी गेली. उजेडाचं पुढं काय झालं ते आम्हाला कुणी कळवलं नाही. मी मात्र 'केजला चल' म्हणायचं त्या दिवसापासून सोडलं.

आता आई नाही. किल्ल्या ज्याच्या त्याला परत दिल्या. तिसऱ्या घराची तेवढी आमच्याच भिंतीवर टांगलेली आहे. यंदा दिवाळीनंतर आमच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कुणाकडे द्यावी म्हणून गल्लीत उभा राहिलो. गल्लीभर कुलपंच होती. आईची फार आठवण आली. मग किल्ली खिशात टाकली आणि केजची जीप पकडली.