गजराबाईंचं दोनरंगी टेबल

गजराबाईंचा सारा जन्म जमिनीवर बसण्यात गेला. अणदूरच्या अंगणवाडीत पोरांसोबत मांडी घालून त्यांनी गाणी म्हटली आणि घरी चुलीपुढं भाकरी थापल्या. निवृत्त झाल्या तसे गुडघे कुरकुरायला लागले. मग त्यांनी घरात जाहीर करून टाकलं, "आता मी टेबलावर जेवणार."

सून दीपाली म्हणाली, "सोलापूरहून आणू." पण बांधावरची जुनी बाभूळ मागंच वादळात पडली होती आणि तिचं लाकूड आता चांगलं वाळलं होतं. गजराबाईंनी ते भागवत सुताराकडं पाठवलं. भागवत त्यांच्याच अंगणवाडीत शिकलेला. आजवर त्यानं बाभळीची औतं केली होती, जेवणाचं टेबल पहिलंच. त्यानं ते जीव ओतून केलं, वरून जवसाचं तेल पाजलं. पेरूच्या गरासारखं गुलाबी टेबल घरात आलं तेव्हा शेजारणी बघायला आल्या.

डाग पडू नयेत म्हणून गजराबाईंनी नळदुर्गच्या बाजारातून फुलाफुलांचं जाड मेणकापड आणलं. ते अर्ध्याच टेबलाला पुरलं. खिडकीकडची बाजू उघडी राहिली. तिथं सकाळचं ऊन यायचं, त्या उन्हात बसून त्या शेंगा फोडायच्या.

उन्हाळा गेला, पाऊसकाळ गेला. दिवाळीच्या साफसफाईत त्यांनी मेणकापड उचललं आणि बघतच राहिल्या. खिडकीकडची बाजू विटेसारखी लालतपकिरी आणि झाकलेली अजून गुलाबीच. मधोमध सरळ रेघ!

तशाच तावातावानं त्या भागवतच्या दुकानी गेल्या. तिथं चारचौघं चहा पीत बसली होती.

"भागवत, दोन झाडांचं लाकूड घातलंस व्हय रं? माझी बाभूळ कुठं गेली?"

भागवतचा रंधा थांबला. "बाई, तुमच्या झाडाबिगर एक फळी घातली न्हाय. खंडोबाची आण!"

"मग रंग येगळा कसा?"

"ते मला बी कळंना बगा."

त्याचं तोंड एवढंसं झालं. गजराबाई घरी आल्या खऱ्या, पण दुपारी त्यांना घास गोड लागला नाही.

संध्याकाळी दीपाली पतसंस्थेतून स्कुटीवर आली. टेबलाशी बसून तिनं घड्याळ काढलं. सावळ्या मनगटावर पट्ट्याची गोरी खूण उमटलेली. गजराबाईंची नजर तिथंच अडकली. त्यांनी आपल्याही बांगड्या मागं सरकवल्या. तिथंही तेच.

"अगं बया! टेबलाला बी ऊन लागलंय का काय?"

गुडघ्यांची पर्वा न करता त्या टेबलाखाली शिरल्या. खालून सगळं टेबल गुलाबी होतं, लाल बाजूसुद्धा! वरच्या फळ्याही या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड होत्या.

"एकच लाकूड हाय गं!" त्या खालून ओरडल्या. "आता मला वर काढ!"

दीपालीला हसू आवरेना. तिनं हसत हसतच सासूला ओढून बाहेर काढलं.

सकाळी गजराबाई पुन्हा दुकानी गेल्या. चहावाली मंडळी जमेपर्यंत मुद्दाम थांबल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "भागवत, चूक माझी हाय. लाकूड एकच हाय, उघड्या बाजूला ऊन लागून ती लाल झाली. तू खरा निघालास."

भागवतला आधी पटेना. तो घरी आला, स्वतः टेबलाखाली शिरला आणि खालूनच हसायला लागला. "आता कळलं, बाई! औत पडतंय उघड्या रानात, सगळीकडून सारखंच लाल हुतंय. अर्धं झाकून कोण ठिवतंय?"

"मग ही गुलाबी बाजू अंगणात उन्हात ठिवू का?"

"नगं, नगं! कडक उन्हात तडकंल. खिडकीपुढंच फिरवा."

टेबल फिरवलं, मेणकापडाच्या पिशव्या शिवल्या. उन्हाळ्यापर्यंत गुलाबी बाजूही बरीच लालसर झाली. तिरपं वाकून बघितलं तर रेघ अजून दिसते. भागवत म्हणाला, "रंधा मारून काढू का?" गजराबाईंनी मान हलवली. "राहू दे. हुईल आपोआप."

मग त्यांनी भागवतला बायकोपोरांसकट पुरणपोळीच्या जेवणाला बोलावलं. बाईंच्या बरोबरीनं खुर्चीवर कसं बसायचं म्हणून तो जमिनीवरच टेकायला लागला.

"ऊठ आधी!" गजराबाई अंगणवाडीतल्या आवाजात ओरडल्या. "टेबल काय बघायला केलंस?"

भागवत हसत उठला, खुर्चीवर बसला आणि पोळीवर तूप मागून घेतलं.