पाचव्या सत्रातला चौथा विषय

मेकॅनिकल विभागाच्या कार्यालयात फॉर्म घ्यायची एक खिडकी होती आणि खिडकीमागच्या भिंतीवर एक तक्ता होता. आठ सत्रांचे आठ रकाने, प्रत्येक विषयाचं पत्त्याएवढं कार्ड, आणि एका कार्डावरून दुसऱ्यावर गेलेले लोकरीचे धागे. निळा धागा उष्णतेच्या विषयांचा, हिरवा उत्पादनाचा, लाल डिझाईनचा. मेकॅनिक्स सुटल्याशिवाय थिअरी ऑफ मशीन्स मिळत नाही, त्याचा पहिला भाग झाल्याशिवाय व्हायब्रेशन नाही, आणि व्हायब्रेशन नाही तर डिझाईनचं स्पेशलायझेशन नाही. हे सगळं नियमांच्या पुस्तिकेत चाळीस पानं भरून छापलेलं होतं आणि ती चाळीस पानं कुणी वाचत नव्हतं. तक्ता मात्र सगळे बघत. तो करणाऱ्या कारकूनबाईंना मुलं लोकरबाई म्हणत. तोंडावरसुद्धा.

लोकरबाई स्वतः वाणिज्य शाखेच्या. पिस्टन आणि पंप यांतला फरक त्यांना नोकरीला लागल्यावर दोन वर्षांनी कळला. पण कुठला विषय कुठल्या सत्रात घेतला की मुलगा तरतो आणि कुठे बुडतो, हे त्यांच्याइतकं विभागात कुणालाच माहीत नव्हतं. अठरा वर्षं निकाल त्यांच्याच हाताखालून गेले होते. खिडकीशी आलेल्या प्रत्येकाला त्या आत बोलवत, तक्त्यासमोर उभं करत आणि म्हणत, "धाग्यावरून बोट फिरव. शेवटपर्यंत. आता दे फॉर्म."

"बाई, सगळ्यात कमी अभ्यास कुठल्या रंगाला?"

"पांढऱ्याला."

"पांढरा कुठंय?"

"नाहीच. म्हणून तर."

त्यांचा एक नियम दगडावरची रेघ होता. पाचव्या सत्रात मशीन डिझाईन, हीट ट्रान्सफर आणि थिअरी ऑफ मशीन्सचा दुसरा भाग असे तीन सक्तीचे विषय एकदम येत. बाई त्यांना तीन डोंगर म्हणत. ऐच्छिक म्हणून तिथे एखादा हलका विषय घ्यायचा, चौथा डोंगर घ्यायचा नाही. ज्यांनी घेतला त्यांतल्या दर तिघांपैकी दोघांचं काही ना काही राहिलं होतं. एक हुशार मुलगा तर वर्ष सोडून गेला, तो परत आलाच नाही. त्याच्या वडिलांनी खिडकीशी उभं राहून दाखला नेला होता. ते गृहस्थ सही करताना "इथेच ना?" असं तीनदा विचारत होते. बाईंना ते अजून ऐकू येई.

त्यांची लेक याच विभागात शिकत होती. घरात तिचं नाव खटपट. वडील गेले तेव्हा ती चौथीत होती आणि तेव्हापासून घरातल्या सगळ्या बिघाडांची मालकीण तीच. नववीत असताना बैठकीच्या खोलीतला पंखा डगमगायला लागला, तर तिने पात्याला चिकटपट्टीने एक लोखंडी वॉशर लावला. पहिल्यांदा पंखा जास्तच हलला. दुसऱ्यांदा तेवढाच. तिसऱ्यांदा वॉशर बोटभर आत सरकवला आणि पंखा असा फिरायला लागला की चालू आहे की नाही ते वारा लागल्यावरच कळावं. बाई स्टूल धरून खाली उभ्या होत्या. "कळलं कसं गं तुला?" तर लेक म्हणाली, "कळलं नाही ना. तेच तर शिकायचंय."

म्हणून डिझाईन, आणि डिझाईनमध्ये व्हायब्रेशन. मोठमोठी जनित्रं थरथरून फुटू नयेत म्हणून ती तपासणारी एक प्रयोगशाळा होती. दरवर्षी दोघांना घेई, आणि डिझाईनच्या स्पेशलायझेशनचा शिक्का असल्याशिवाय अर्जसुद्धा घेत नसे. खटपटने त्या जाहिरातीचं कात्रण दुसऱ्या वर्षापासून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं होतं.

व्हायब्रेशन शिकवणारे सर एकच. त्या विषयावरून मुलांनी वीस वर्षांपूर्वी त्यांचं नाव थरथर सर ठेवलं होतं. सरांनाही ते ठाऊक होतं, तासाला आल्या आल्या टेबलाला हलकासा धक्का देत आणि म्हणत, "चला, आलो." पण अलीकडे टेबलाला धक्का द्यावा लागत नव्हता. मुलांच्या लक्षात आलं नाही. मुलं फळ्याकडे बघतात. बाई कागदाकडे बघत.

आधी सरांच्या गुणपत्रिकेतले सात एकासारखे दिसायला लागले. मग आकडे ओळीतून घसरायला लागले. एका दुपारी सर स्वतः कार्यालयात आले, दार लोटलं आणि उजवा हात खिशात ठेवूनच बसले.

"बाई, आकडे तुम्ही लिहाल? मी सांगतो. सही करतो मी."

"डॉक्टरांना दाखवलंत, सर?"

"दाखवलं. त्यांनी नाव सांगितलं, औषध सांगितलं. किती दिवस, ते नाही सांगितलं." मग खाली बघत म्हणाले, "दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. खुर्चीवर बसून शिकवीन. साहेबांना कळलं तर उद्याच घरी बसवतील. घरी बसून मी करू काय? पंख्याकडे बघत बसू?"

बाईंनी शब्द दिला आणि पेन उचललं. त्या दिवसापासून सरांचे सगळे गुण त्यांच्या अक्षरात जाऊ लागले.

त्याच महिन्यात पाचव्या सत्राचे फॉर्म निघाले. खटपटने घरी जेवणाच्या टेबलावर फॉर्म पसरला आणि ऐच्छिकच्या चौकटीत पेन्सिलीने व्हायब्रेशन लिहिलं.

"खोड ते," बाई म्हणाल्या.

"का?"

"पाचव्यात चौथा डोंगर नाही. थर्मोत तुला किती पडले? एक्केचाळीस. हीट ट्रान्सफर काय सोडणार आहे तुला? व्हायब्रेशन सातव्यात घे. सातवं मोकळं आहे."

"आई, थर्मो वेगळं. हे मला येतं. मला आत्ताच घ्यायचंय."

"सगळ्यांना आत्ताच येत असतं. निकालाच्या दिवशी माझ्यासमोर उभे राहतात ना, तेव्हा बघ एकेकाची तोंडं."

"आणि सातव्यात नसला तर?"

"नसायला काय झालं?"

"सर दरवर्षी शिकवतात ना? नक्की?"

बाईंनी पाण्याचा पेला पुढे ओढला. त्यांच्या मनाने तोवर हिशेब मांडलाही होता: सरांची निवृत्ती लेकीच्या आठव्या सत्राच्या शेवटी, सातवं त्याच्या आधी. कागदावर सगळं बसत होतं. कागदावर बसलेलं कधी मोडलं नव्हतं, निदान मोडलेलं त्यांच्याच तक्त्यावर दुरुस्त करता आलं होतं. आणि शब्द दिलेला होता.

"शिकवतात," त्या म्हणाल्या.

लेकीने खोडलं. खोडरबराचा चुरा फुंकला आणि तिथे औद्योगिक सुरक्षा असं लिहिलं.

पाचवं सत्र चांगलं गेलं. तिन्ही डोंगर पार झाले. हीट ट्रान्सफरमध्ये चौसष्ट. बाईंनी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. आता मागे वळून बघताना त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्या पाठ थोपटण्याची.

सहाव्या सत्राची परीक्षा संपली आणि पुढच्याच आठवड्यात सर विभागाच्या जिन्यावरून पडले. फार लागलं नाही. पण उचलायला धावलेल्यांत विभागप्रमुख होते, आणि सरांचा हात त्यांच्या हातात होता. तो काही थांबेना. महिन्याभरात कागद आला: प्रकृतीच्या कारणास्तव, स्वेच्छेने. तो टाईपसुद्धा बाईंनीच केला.

"सातव्याला व्हायब्रेशन काढून टाका," विभागप्रमुख म्हणाले.

"साहेब, बाहेरून कुणी बोलवलं तर?"

"बाहेरून यायला वीस मुलं लागतात. अठराच आहेत ना?"

बाईंनी चार दिवसांत दोन मुलं उभी केली. उत्पादनाच्या एकाला आणि उष्णतेच्या एकीला त्यांनी जे समजावलं ते अठरा वर्षांत कुणाला समजावलं नव्हतं: धागा सोड, हा विषय घे, माझ्यासाठी घे. वीस सह्यांची यादी घेऊन त्या साहेबांपुढे गेल्या. साहेबांनी ती वाचली, विसावं नाव दोनदा वाचलं.

"ही मुलगी उष्णतेची ना? हिला कशाला व्हायब्रेशन?" मग आवाज खाली आणून, "बाई, मी तीन ठिकाणी फोन केले. माणूस नाही. तुमच्या मुलीचं मला वाईट वाटतं. पण या उष्णतेच्या मुलीला त्यात ओढू नका."

तोंडात मारल्यासारख्या बाई बाहेर आल्या. त्या मुलीचा फॉर्म त्यांनी स्वतः दुरुस्त करून दिला.

मग एक वेडी आशा उरली. सरांनी घरी बसून शिकवलं आणि परीक्षा घेतली तर साहेब कदाचित मान्य करतील. रविवारी सकाळी बाई लेकीला घेऊन सरांकडे गेल्या. तिसऱ्या मजल्यावरचं लहानसं घर. सरांनी स्वतः दार उघडलं. तेवढ्याला बराच वेळ लागला. टेबलावर कपाऐवजी झाकणाचा पेला आणि त्यात नळी होती. खटपट त्या नळीकडे बघत राहिली.

सरांनी सगळं ऐकलं. फळा नाही म्हणून त्यांनी कागद ओढला आणि एक साधी स्प्रिंग काढायला घेतली. पेन्सिल कागदावर टेकली की वेडीवाकडी पळे. पाच-सहा वेटोळी त्यांनी जिद्दीने काढली, मग पेन्सिल खाली ठेवली आणि डाव्या हाताने उजवा हात दाबून धरला.

"जमणार नाही, पोरी. अर्ध्या तासाने आवाजही जातो माझा. वह्या ने सगळ्या." मग बाईंकडे बघून त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. "तुझ्या आईचे फार उपकार आहेत माझ्यावर. वर्षभर माझे आकडे हिने लिहिले. कुणाला म्हणून कळू दिलं नाही. नाहीतर मला तेव्हाच घालवलं असतं. तुला सांगितलं असेलच तिने."

"नाही," खटपट म्हणाली.

वह्यांचा गठ्ठा घेऊन दोघी खाली उतरल्या. रस्त्याच्या कडेला एक माणूस सायकलचं चाक उलटं करून आरे आवळत होता. लेक तिथे थांबली. चाक फिरताना बघत तिने विचारलं, "मी विचारलं होतं ना तुला? नक्की का, असं विचारलं होतं."

"खटपटे, मी शब्द दिला होता त्यांना. आणि तारखा बघितल्या होत्या मी..."

"त्यांना शब्द दिलास ते ठीक. मला नुसतं 'घे' म्हणाली असतीस. का घे, ते नसतं विचारलं मी. तू खोड म्हणालीस तेव्हा शेवटी खोडलंच ना मी?"

सायकलवाल्याने चाकाला थोपवलं, एक आरा पिळला, पुन्हा फिरवलं. बाईंना म्हणायचं होतं की मी घाबरले होते. हीट ट्रान्सफरला घाबरले, त्या दाखला नेणाऱ्या बापाला घाबरले, तुला तसं बघायला घाबरले. पण हे रस्त्यात सांगायचं कसं? आणि घरी गेल्यावर लेक आपल्या खोलीत गेली आणि दार तिने आपटलंसुद्धा नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी कपाटाच्या आतलं कात्रण निघालेलं होतं. चिकटपट्टीचे चार डाग राहिले होते.

सातव्या सत्राचे फॉर्म घ्यायला खिडकी उघडली तेव्हा तक्त्यावर सातव्या रकान्यात एक कार्ड कमी होतं. लाल धागा आधीच्या टाचणीपासून सुटा लोंबत होता. बाईंनी तो कापायला दोनदा कात्री उचलली होती.

रांग मोठी होती. पंधराव्या की सोळाव्या क्रमांकावर लेक होती. घरी दिला असता तरी चालला असता तो फॉर्म. ती रांगेत उभी राहिली होती.

"मॅडम, फॉर्म."

बाईंनी तो घेतला. स्पेशलायझेशनच्या चौकटीत आडवी रेघ होती. विशेष काही नाही, साधी पदवी. ऐच्छिक विषय: उत्पादन व्यवस्थापन. अक्षर नीटनेटकं, खाडाखोड कुठेच नाही. पेननेच लिहिलेलं.

सवयीने बाईंच्या तोंडून निघून गेलं, "धाग्यावरून बोट फिरवलंस?"

लेकीने त्यांच्या खांद्यावरून मागे भिंतीकडे पाहिलं. लोंबणारा लाल धागा पंख्याच्या वाऱ्याने हलत होता.

"शिक्का मारा ना, मॅडम. मागे लोक आहेत."

बाईंनी शिक्का मारला. अर्धा उठला. पुन्हा मारला. लेकीने पोच घेतली, घडी घालून खिशात ठेवली आणि जिन्याकडे गेली.

तिच्या मागची मुलगी पाचव्या सत्राची होती. धीट, हसऱ्या चेहऱ्याची. फॉर्म पेन्सिलीने भरलेला. "बाई, पाचव्यात तुम्ही तीनच डोंगर म्हणता ना, म्हणून मी रोबोटिक्स सातव्यात टाकलंय. ते सर दरवर्षी शिकवतात ना? नक्की?"

बाईंनी तोंड उघडलं. जिन्यावरून उतरणाऱ्या लेकीची पावलं अजून ऐकू येत होती. मग दुसऱ्या वळणावर ती थांबली.

बाईंनी हात वर केला आणि खिडकीची फळी खाली ओढून घेतली.

बाहेर रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "चहाला गेल्या वाटतं लोकरबाई."