दुसऱ्याच्या वाटचा कर

दुकानात तिला सगळे चिकटमावशी म्हणत. स्वभावाने ती चिकट नव्हती. उलट कुणी नुसतं 'बरं आहे ना' विचारलं तरी अवघडून जायची. तिचं कामच चिकटवण्याचं होतं. हातात लेबलांची बंदूक आणि पुढ्यात साबणापासून सतरंजीपर्यंत सगळं. अकरा वर्षांत इतक्या किमती चिकटवल्या, की एकदा सासऱ्यांचा ताप बघताना तिचा अंगठा त्यांच्या कपाळावर लेबल दाबल्यासारखा फिरला.

"किती लावलीस किंमत?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सेलमध्ये आहात," ती म्हणाली.

नवरा जाऊन पाच वर्षं झाली होती. घरात ती आणि सासरे, दोघंच. सासरे एकेकाळचे बसकंडक्टर. दोन वर्षांपूर्वी कमरेखालचं अंग लुळं पडलं, तेव्हापासून खाटेवर. दिवसाला दोन डायपर लागत, म्हणजे दहांचा पुडा पाच दिवसांत संपे. महिन्याला सहा पुडे. पगारातून आधी ते बाजूला काढायचे आणि उरेल त्यात दोघांनी जेवायचं, असा हिशेब.

पहिल्या तारखेपासून विक्रीकर दहाचा पंधरा टक्के होणार, असं जाहीर झालं आणि दुकानात झुंबड उडाली. मोटारवाल्या बाई नेहमीच्या गिऱ्हाईक. त्यांनी धुलाईचं यंत्र, दोन गाद्या आणि वर्षभराचं तेल नेलं. मावशीकडे एका पुड्यापुरते पैसे होते. तिने एक पुडा नेला.

कर सगळ्यांना सारखाच आहे म्हणतात, असं तिने घरी सांगितलं. सासरे छताकडे बघत म्हणाले,

"तिकीटही सगळ्यांना सारखंच असायचं गं सूनबाई. उभं कोण राहतं, ते बघायचं."

महिनाअखेरीला दुकान बंद ठेवून नवी लेबलं लावायची होती. दुकानाचा नियम असा, की लेबलावर असेल तीच किंमत गिऱ्हाइकाकडून घ्यायची. एखादं जुनं लेबल राहून गेलं तर नुकसान दुकानाचं. एका दिवसात पाचाच्या वर निघाली तर सगळा फरक चिकटवणाऱ्याच्या पगारातून. अकरा वर्षांत मावशीचं एकही राहिलं नव्हतं. त्या दिवशी सहा राहिली, आणि मुद्दाम राहिली. डायपरच्या फळीवर अगदी मागे, चारशे चाळीसचेच सहा पुडे. नवी किंमत चारशे साठ. दर पाच दिवसांनी एक न्यायचा. एका पुड्यासाठी कोण विचारतंय? पुढे नव्या किमतीची भिंत रचून ती घरी गेली. तिला झोप लागली नाही. आयुष्यातली पहिली चोरी, तीही वीस-वीस रुपयांची.

तीन दिवसांनी मोटारवाल्या बाई आल्या. त्यांच्या आईला तेच डायपर लागत. सवयीने त्यांनी हात फळीच्या मागपर्यंत घातला. मागचा माल ताजा असतो म्हणतात. सहाच्या सहा पुडे दुकानातल्या ढकलगाडीत ठेवून त्या गल्ल्यावर आल्या आणि मावशीला बघून हसल्या.

"जुन्याच किमतीत मिळाले, तुमच्यामुळे वाचले हो मावशी! आईचा खर्च काही कमी नसतो."

मावशीने मान हलवली. तिला त्यांचा राग करता येईना, कारण आई खरीच होती.

संध्याकाळी मॅनेजरने बोलावलं. सहा पुडे, एकशे वीस रुपये. आवाज न चढवता तो म्हणाला की तुमच्याकडून असं होईल असं वाटलं नव्हतं. ते ऐकून कापलेल्या पैशांपेक्षा जास्त लागलं.

मोटारवाल्या बाईंच्या वाटचा कर मावशीने भरला होता. शिवाय स्वतःचा होताच. त्या महिन्यात पाचच पुडे आले.

सासऱ्यांना तिने काहीच सांगितलं नाही. पण कंडक्टर माणूस, पुडे मोजल्याशिवाय राहतो थोडाच. सकाळी ती निघताना उशाशी तांब्या भरून ठेवायची. एरवी परतेपर्यंत तो रिकामा असे. पाचवा, शेवटचा पुडा फोडला त्या दिवशी ती परतली, तर तांब्या तसाच काठोकाठ.

"पाणी नाही प्यायलात?"

"तहानच नव्हती," ते म्हणाले. ओठ सुकून पांढरे पडले होते, आणि सकाळी बांधलेला डायपर कोरडा होता.