बदलून वाचलेली पानं

अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, रेणापूरला किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला रद्दी यायची, तिच्यातली बरी पुस्तकं ते बाजूला काढून ठेवत. त्यातच ही कादंबरी सापडली. मुखपृष्ठ फाटलेलं, त्यामुळे लेखक कोण ते आम्हाला कधीच कळलं नाही. पुढच्या कुठल्या तरी युगात शास्त्रज्ञ मेलेल्या माणसांना पुन्हा उठवतात आणि ती माणसं एका अवाढव्य शहरात आपापल्या लोकांना शोधत फिरतात, अशी गोष्ट.

किडन्या निकामी झाल्यावर मी अप्पांना नांदेडला माझ्या घरी आणलं. दवाखान्यात डायलिसिस सुरू झालं. डोळे आधीच गेल्यात जमा होते, म्हणून मशीन चालू असताना मी ती कादंबरी वाचून दाखवायचो. पलीकडच्या खाटेवरचे उदगीरचे काका चेष्टा करायचे, "सावकार, हितं जगायचं जमंना, अन् तुमी मेल्यावरचं बघून राहिले!" अप्पा खळखळून हसायचे.

एकदा घरी परतताना ते ऑटोत म्हणाले, "पुरं झालं आता. मला रेणापूरला सोड. तुझ्या आईजवळ बसतो."

आमच्यात जाळत नाहीत. गेलेल्या माणसाला बसवून, हातात इष्टलिंग देऊन समाधी देतात. आई शेतात तशीच बसलेली आहे. तिच्या शेजारची जागा अप्पांनी स्वतःसाठी राखली होती.

"त्या पुस्तकातल्यावानी कुनी उठवलंच," ते म्हणाले, "तर बाजूला तीच दिसंल. मग भ्यायचं कशाला?"

डॉक्टर म्हणत होते, डायलिसिस नीट घेतलं तर अजून काही वर्षं निघतील. मला ती वर्षं हवी होती. अप्पांना हवीत की नाहीत, हे मी विचारलं नाही.

कादंबरीत पुढे नायकाला त्याची बायको भेटते. ती पानं मी बदलून वाचली. उठलेल्यांना डोळे येतात, पण ओळख येत नाही, असं वाचलं. शेजारी पुरलेली माणसंसुद्धा एकमेकांना परकी असतात, असं वाचलं. अप्पा तरीही शांतच दिसले, म्हणून मी आणखी पुढे गेलो. जाग आधी येते, उठवणारे फार उशिरा येतात. तोवर माणूस मातीखाली, अंधारात, जागाच बसून राहतो. यातलं काहीही पुस्तकात नव्हतं.

पुढच्या वेळी अप्पा माझ्याआधी तयार होऊन दारात उभे होते. मला वाटलं, जिंकलो.

मग ते झोपेनासे झाले. दुपारी डोळा लागला तरी दचकून उठायचे, हाताने भिंत चाचपायचे. एक दिवस जेवताना म्हणाले, "मी गेलो की मला जाळा."

माझी बायको घास हातात धरून म्हणाली, "असं काय बोलता अप्पा? आपल्यात जाळतात का कधी?"

"जाळा म्हन्लं ना. बसवू नका मला."

"आणि आई?" मी विचारलं.

"ती बसली हाय तिथं," ते म्हणाले. "बसली हाय रे ती. आता काय करू मी?" आणि ताटावरच रडायला लागले.

मी कादंबरी आणली. जे खोटं वाचलं होतं ते कबूल केलं आणि खरी पानं वाचली, नायक-नायिकेच्या भेटीची, अक्षर न् अक्षर. अप्पांनी सगळं ऐकलं. मग माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"ग्वाड रचलंस. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हनून."

"रचलं नाही अप्पा, छापलंय हे." मी त्यांचं बोट त्या ओळींवर ठेवलं. बायकोलाही वाचायला लावलं.

"तिला बी शिकवून ठिवलंस व्हय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी रेणापूरला धाकट्या काकांना फोन लावायला सांगितला आणि समाधीची जागा सोडून दिल्याचं कळवलं. मग काका माझ्याशी बोलले. "अप्पाच्या मनात हे कुनी भरवलं रे?" मी फोन ठेवून दिला.

आज सकाळी डायलिसिसला नेताना अप्पांनी माझं मनगट घट्ट धरलं. "मशीन मधीच बंद पडनार न्हाई ना?"

"नाही पडणार, अप्पा."

माझं एवढंच त्यांना खरं वाटतं.