अण्णा, दिल्लीला जाऊ का नको?

आई गेल्यावर मला आणि अण्णांना एकमेकांशी बोलायला काहीच नव्हतं.

अण्णा लातूरला, मी हैदराबादला. दोघंही एकटे. फोन लावला की, "जेवलास का?" "जेवलो." "पाऊस?" "न्हाई."
संपलं. पुढे नुसता त्यांच्या पंख्याचा आवाज.

अण्णांनी उभी हयात एसटीची लाल गाडी चालवली. लातूर-नांदेड, अहमदपूर, लोहा करत. मी विमान चालवतो. छोटं, पंख्यांचं, हैदराबाद-नांदेड आणि असंच इकडंतिकडं.
तसं बघितलं तर धंदा एकच. पण बापलेकांनी त्यावर कधी गप्पा मारल्या नाहीत. गप्पा आईशी व्हायच्या. अण्णा बाजूला बसून ऐकायचे.

मग एका मोठ्या कंपनीचा कॉल आला. मोठं जेट, दिल्ली बेस म्हणजे राहायचं तिकडंच, पुढंमागं परदेश.

अडचण एकच. इथं मी कॅप्टन, बसायचं डावीकडच्या सीटवर. तिथं परत को-पायलट, उजवीकडं. सीनियॉरिटीत सगळ्यात खाली. पुन्हा कॅप्टन कधी होणार ते देव जाणे.

अण्णांना सांगितलं, "कंपनी बदलली तर डावीकडून उठून उजवीकडं बसावं लागंल."

दुसऱ्या दिवशी अख्ख्या गल्लीत पेढे!

बसच्या ड्रायव्हरला उजवी बाजू म्हणजे स्टेअरिंग. इतकी वर्षं पोरगं क्लीनरसारखं डावीकडं बसत होतं, आता कुठं त्याच्या हातात गाडी दिली, असं त्यांना वाटलं. पंक्चरवाले नसीरचाचा म्हणजे अण्णांचे जिगरी दोस्त. त्यांनी तर मला फोन करून मुबारकबाद दिली.

मी चिडलो. अण्णांना सगळं नीट समजावून सांगितलं.

"म्हंजे आत्ता बी तूच चालवतूस?"
"हाव."
"कवापासून?"
"लई दिवस झाले अण्णा."
"सांगायचं न्हाईस का?"
"आईला सांगितलो होतो."



त्या दिवसापासून रोज संध्याकाळी माझा फोन सुरू झाला. विषय एकच, जायचं का राहायचं.

"अण्णा, ठरलं. जातो मी दिल्लीला."
"कामून? कशाला जातूस? नव्या डेपोत गेल्यावर चांगली ड्यूटी कुणी देतंय का? सणावाराला तुलाच जुंपतेत बघ."

दोन दिवस विचार करून मी म्हणायचो, "बरं, न्हाई जात."
"असं कसं? तुझी कंपनी बारकी. आज नांदेड चालू हाय, उद्या बंद केलं तर काय करतूस?"

मी पूर्व म्हटलं की ते पश्चिम. मी वैतागायचो.
"अण्णा, तुमचं एक काय ते ठरवा बरं."
"मी कशाला ठरवू? नोकरी तुझी."

आणि मग तिथून गाडी कुठंही जायची. धुक्यात कसं उतरतूस? टायर कोण तपासतंय? झोप आली तर? मी सांगत बसायचो. तेही सांगायचे. एकदा घाटात ब्रेक लागेना, तेव्हा गाडी कशी थांबवली, ते मी चाळिशीत पहिल्यांदा ऐकलं.
कधीकधी आईपर्यंत यायचे. "तुझी आय असती तर म्हणली असती, बापलेक लई बडबडायलेत."

कंपनीने दोनदा विचारलं. मी दोनदा वेळ मागून घेतला.

सुट्टी असली की मी नांदेडला उतरायचो आणि लातूरची बस पकडायचो. अण्णा स्टँडवर उभे असायचे. दिल्लीला गेलो असतो तर हे बंद झालं असतं. दोघांनाही ते कळत होतं. एवढ्या वादात हा एक मुद्दा मात्र कुणीच काढला नाही.

गेल्या महिन्यात अण्णा गेले. सकाळी चहा पिऊन खुर्चीत टेकले, ते परत उठले नाहीत.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. नसीरचाचा ओट्यावर बसले होते. मी विचारलं, "चाचा, अण्णांच्या मनात खरं काय होतं? मी जावं का राहावं?"

चाचांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.
"मैं भी पूछा था बेटा एक बार. तर म्हणला, 'मला काय कळतंय इमानातलं? पोरगं ठरवायलंय तवर रोज फोन करायलंय. एकदा ठरलं की कशाला करतंय?'"

मी आत गेलो आणि दार लावून रडलो. आई गेली तेव्हाही एवढा रडलो नव्हतो.

अण्णा, एकटे तुम्हीच का हो घाबरत होता? मीसुद्धा त्याचसाठी ठरवत नव्हतो.

परवा त्या कंपनीतून परत फोन आला. मी हो म्हटलं. फोनवरच्या बाईंनी "नक्की ना, सर?" विचारलं. म्हटलं, नक्की. एवढ्या दिवसांचं कोडं, चहा निवायच्या आत सुटलं. लातूरच्या घराला कुलूप आहे. आता कुणासाठी थांबू?

आज महिना झाला.
संध्याकाळी हात सवयीने फोनकडं गेला. अण्णांचा नंबर लावला. रिंग माझ्याच बॅगेत वाजली.

अण्णा, मी जायचं ठरवलंय.
आज "कामून?" म्हणायची पाळी तुमची होती.

येतो, अण्णा.