टाइम आउट म्हणजे टाइम संपला

२००२ सालच्या जूनमधला सोमवार. रक्कम पाचशे रुपये. हजर तिघे: मी, माझी मुलगी आणि जालन्यातला तो दुकानदार, ज्याच्याकडून आम्ही कॉम्प्युटर घेतला होता.

मुलगी बी.एस्सी. झाली होती. पुण्याच्या एका प्रयोगशाळेकडून मुलाखतीचं पत्र ईमेलने आलं होतं, पण जाफराबादला आमच्या घरी ते अर्धंच उतरायचं आणि पडद्यावर शब्द यायचे, 'टाइम आउट'. पत्र उघडल्याशिवाय तारीख कळणार नव्हती.

"काका, टाइम आउट म्हंजी टाइम संपला," दुकानदार म्हणाला. "तुमचे तास खलास."

इंटरनेट तेव्हा तासांवर विकत मिळे, म्हणून मला ते पटलं. पाचशे रुपये मोजून पंचवीस तासांचं पाकीट घेतलं. घरी येऊन पाहतो तर पत्र तिथेच अडकलेलं.

चार दिवसांनी परत गेलो. तास पुन्हा संपले, असं त्याचं म्हणणं. माझं डोकं फिरलं. एक तासही धड वापरला नव्हता, त्यातही निम्मा वेळ मोडेमची किरकिर. तसं सांगितलं तर म्हणाला, "इंटरनेटचा तास आपल्या घड्याळावानी नसतो, काका." दुकानातली गिऱ्हाइकं हसली. साठ मिनिटांचा नाही तर कितीचा, हे मात्र त्याने सांगितलं नाही. भाजीवालीचा काटा तपासणारा मी, पण मुलीच्या तोंडाकडे पाहून दुसरं पाकीटही घेतलं.

मुलीने ते उघडलंच नाही. ईमेलच्या प्रोग्रॅममधली एकेक सेटिंग ती वाचत बसली. एका जागी पट्टीवर 'टाइम आउट' लिहिलेलं सापडलं. समोरून उत्तर यायला प्रोग्रॅम किती वेळ थांबेल, एवढाच त्याचा अर्थ. तिथे एक मिनिट होतं. आमच्या फोनच्या तारेला तेवढं कुठलं पुरायला? तिने पट्टी पाच मिनिटांवर ओढली. पत्र सबंध उतरलं, तेही पहिल्याच पाकिटातल्या तासांवर. मुलाखत परवावर आली होती.

दुसऱ्या दिवशी बंद पाकीट घेऊन दुकानात गेलो. सगळं ऐकून तो शांतपणे म्हणाला, "मंग मी काय चुकीचं बोललो? टाइमच कमी पडत होता ना?"

पाकीट त्याने परत घेतलं नाही. भांडायला माझ्याकडे पुष्कळ होतं, पण बाहेर स्टँडवर मुलगी पिशवी घेऊन उभी होती. शेवटचे पैसे दिले ते एसटीच्या कंडक्टरला. जालना ते पुणे, दोन तिकिटं.