नाकावरचा चिमटा

आज फुप्फुसांच्या तपासणीत माझ्या नाकाला चिमटा लावला आणि अण्णा आठवले. माझे वडील आचऱ्याच्या देवळात सनई वाजवत. त्यांचा सूर कधी तुटत नसे. वीस वर्षांपूर्वी अशाच नळीत ते गाल फुगवून फुंकू लागले.

"गालांनी नको. छाती भरून घ्या आणि संपेपर्यंत जोरात सोडा," असं सांगून तपासणाऱ्या बाईंनी त्यांना चिमटा लावला.

अण्णा गेंगाण्या आवाजात म्हणाले, "बाय, नाक बांधल्यार सूर धरूचो कसो?"

त्यांनी जीव खाऊन फुंकलं. दोन आकडे मोजेपर्यंत श्वास संपला. मी हादरले. तो अखंड सूर ते गालांत हवा धरून, नाकाने चोरलेल्या श्वासांनी सांधत होते.

त्या तपासणीच्या आठच दिवस आधी, माझ्या लग्नात, मी म्हटलं होतं, "अण्णा, आजून वायच वाजवा."